गोड आवाजातलं भांडण

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या पायाशी पिशवीत माझं मांजर होतं आणि शेजारी एक जोडपं बसलं होतं. बायकोच्या मांडीवर एवढंसं, कुरळ्या केसांचं पूडल-मिश्र कुत्रं.

"रोज ह्याचे केस विंचरीन असं कोण म्हणालं होतं, माझ्या राजा?"

"मीच गं सोनू. पण कंगवा जागेवर सापडेल तर ना!"

"आता गाठींमुळे सगळं अंग भादरावं लागणार. तुझा आळस, बबड्या."

"तुझी आईसुद्धा असेच टोमणे मारते गं, पिल्लू."

"आईवर जायचं नाही हं, लाडक्या."

मला राहवलं नाही. "किती प्रेमानं बोलता हो तुम्ही!"

"प्रेम कसलं? भांडतोय आम्ही," बायको कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "आवाज चढला की हा थरथर कापतो, खाणं सोडतो. म्हणून असं."

तेवढ्यात मदतनीस येऊन कुत्र्याला आत घेऊन गेला. दार बंद झालं.

"गेला. आता ओरड हवं तेवढं."

"तू आधी."

"अरे, पण एकटा घाबरला असेल ना तो?"

दोघांनी दाराला कान लावले. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "अरे, नीट उभा राहा की!"

"डॉक्टर, ओरडू नका त्याच्यावर!"

दोघं एकदम असे गरजले, की माझं मांजर पिशवीत तळाशी जाऊन बसलं.