उभ्याने मिरची खाणारा गोरा

आमच्या आईने एका गोऱ्याला वळण लावलं, ते सांगितलं का तुम्हाला? दोन हजार नऊची गोष्ट. बाबा गेल्यापासून नाशिकच्या घरात आई फारशी बोलतच नव्हती. म्हणून मी तिला नेटवर एक व्हिडिओ दाखवला. एक गोरा ओट्याशी उभा राहून हिरवी मिरची खात होता आणि तिखट लागलं म्हणून घटाघटा पाणी पीत होता. आई कडाडली, "मेल्या, पाणी नको, गूळ खा! आणि आधी खाली बस!"

वेबकॅम चालूच होता, त्यात हे सगळं टिपलं गेलं. आईचं ते बोलणं मी इंग्रजी अर्थासकट त्याच्याच व्हिडिओला उत्तर म्हणून नेटवर टाकलं. महिन्याभराने त्याच गोऱ्याचा नवा व्हिडिओ आला. पठ्ठ्या मांडी घालून बसलेला, पुढ्यात गुळाचा खडा!

आई खळखळून हसली. मग माझ्या हातातली चिवड्याची वाटी बघून म्हणाली, "तो सातासमुद्रापलीकडून ऐकतो. तू अजून उभाच!"