आई, तुम्ही बसा!

पडवीत एक खुर्ची. खुर्चीत दोन उशा. शेजारी तिपाई. तिच्यावर पाण्याचा तांब्या, भांडं, औषधाच्या तीन डब्या, आणि हाक मारायचा त्रास नको म्हणून ठेवलेली पूजेतली घंटी. मोजलंत? वस्तू दहा. आणि खुर्चीतल्या बाईच्या हातांना काम — शून्य!

मंडळी, आता मला सांगा. ज्या सुनेनं सासूला हे सगळं दिलं, तिनं सेवा केली, की तिच्याकडचं काही काढून घेतलं? — घाई नको! कोण सुनेच्या बाजूचं आणि कोण सासूच्या, ते इथूनच दिसतंय! आधी ऐका.

खाडीकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, सांगितलं की तुम्ही नातं काढत बसाल! सुपारीची बाग, कौलारू घर. घरात द्वारकाआजी, वय शहात्तर. मुलगा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात. म्हणजे घरात दोघीच — सासू आणि सून वासंती. आणि भांडण नाही! हसता काय? असतात अशी घरं!

वासंती भली. फार भली! आजीनं सुपारी सोलायला घेतली — ‘आई, तुम्ही बसा!’ फुलं काढायला निघाली — ‘आई, पाय घसरेल, तुम्ही बसा!’ वातींना कापूस घेतला — ‘अहो, विकतच्या आणल्यात मी. तुम्ही बसा!’

अहो, देवालासुद्धा आपण रात्री शेज करून निजवतो, पण पहाटे काकडआरती करून उठवतो ना? देव सुटला. म्हातारी बसली!

बसली ती बसलीच. आधी बोलणं कमी झालं. मग शेजाऱ्यांची नावं आठवेनात. ‘आई, भाजी कुठली करू?’ तर — ‘कर काहीही. मला काय कळतंय आता.’ आणि माघ लागला तसं ताट अर्धं परत यायला लागलं. वासंती घाबरली. म्हातारी हातची जाते की काय! डॉक्टर आले. नाडी बरी, छाती बरी.

‘आजी, होतंय काय तुम्हाला?’

‘काही होत नाही हो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत काहीच होत नाही.’

डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. आणखी काय करणार!

त्याच आठवड्यात देवीची जत्रा आली आणि पलीकडच्या काठावरून, तरीत बसून, गोदाआजी आली. दोघींचं माहेर एक, घराला घर लागून. पडवीत पाऊल टाकलं आणि थबकलीच.

‘अगो द्वारके! तुला काय देव्हाऱ्यात मांडलीय?’

वासंती हळूच म्हणाली, ‘मावशी, हल्ली त्यांना फारसं आठवत नाही.’

‘आठवत नाही? बरंच झालं! म्हणजे सागरगोट्यांचा तो शेवटचा डाव मी जिंकले होते, हे आता नक्की!’

उशी हलली. आणि खुर्चीतून आवाज आला —

‘रडी!’

वासंतीच्या हातातला चहा सांडला!

‘जिंकलीस कधी गो? तू उचलताना शेजारचा गोटा हलवलास! मी ओरडले, तेवढ्यात आईनं हाक मारली — पाहायला आलेत, हात धू!’

मंडळी, कळलं का काय झालं होतं? सोळा वर्षांची पोर. अंगणात डाव मांडलेला. आत जाऊन तिनं हात धुतले, लुगडं नेसली, पोह्यांची बशी नेऊन ठेवली, आणि महिन्याभरात सासरी आली. डाव अर्धाच! अंगणात पडलेले ते गोटे कुणी उचलले, ते तिला कधी कळलं नाही. आठवत नाही म्हणे! सगळं आठवत होतं हो. विचारत कुणी नव्हतं!

‘मग होऊन जाऊ दे आता निकाल!’ गोदाआजी म्हणाली.

कुंपणाला गजग्याची काटेरी जाळी होती. वासंती काठी घेऊन गेली, आणि मागून आजी! वासंतीच्या ओठांवर आलंच होतं — ‘आई, तुम्ही...’ गिळलं तिनं! ‘ती शेंग नको, हिरवी आहे,’ आजी सांगत होती. ‘ती घे, उललेली!’ आतून राखाडी, गुळगुळीत बिया निघाल्या. हेच सागरगोटे.

खाली बसवेना, म्हणून दोघींच्या मध्ये स्टुलावर पाट ठेवला. आजीनं गोटा उडवला. टप्पकन खाली! पुन्हा — खाली! बोटं सुजलेली, नजर मंद. अहो, हातभर उंच उडवलेली बी खाली यायला अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात पाटावरची उचलायची आणि वरची झेलायची. पण त्यातली गंमत बघा, तेवढ्या वेळात ‘माझं आता वय झालं’ हे वाक्यसुद्धा मनात पुरं होत नाही! दहा फेकी झाल्या. झेलला एक. आणि आजी हसली. दात नसलेलं, सोळा वर्षांचं हसू!

जत्रा संपली, गोदाआजी परत गेली. ‘दर गुरुवारी येते, तयारी ठेव!’ बाकीचे दिवस समोर कोण? वासंती! दुपारी डाव मांडला, आणि सासूला बरं वाटावं म्हणून या भल्या बाईनं गोटा मुद्दाम सोडला.

आजीनं पाट सरकवला. ‘माझ्यासाठी हरतेस? मी मेलेय काय?’

‘नाही हो आई...’

‘मग खेळ नीट! जिंक मला!’

पहिल्यांदा रागावली, मंडळी! त्या रात्री ताटात काही उरलं नाही, आणि वर विचारणा — ‘आमटीत आज चिंच का नाही?’

तर घरी जाल. दारात कुणीतरी बसलेलं असेल. त्यांना विचारा, लहानपणी काय खेळायचात? विचारून पळू नका हं! टीव्ही बंद करा, समोर बसा. आणि हरायचंच असेल, तर खरंखुरं हरा!

होळीच्या आदल्या संध्याकाळी वासंतीनं आजीच्या दहा फेकी पुन्हा मोजल्या. झेललेले गोटे — सहा.