गॅरेजातला पायगुण

—अगं थांब, थांब, ते दार नको वाजवूस! सुशीला उघडणारच नाही. चालू खेळात दार उघडायचं नाही, असा नियमच आहे या घरात. ब्रेक लागला की जा. तोवर बस इथं गॅरेजात, ती खुर्ची घे — नाही नाही, मी या एस्कीवरच, बर्फाच्या पेटीवरच बसतो, सवय झालीय. तू सुशीलाच्या ऑफिसातली ना? शाल्मली? जय भीम. मी संजीव. शिवरामचा मित्र, स्टुडंट म्हणून या देशात आलो तेव्हा क्लेटनला एकाच घरात राहायचो आम्ही. डब्यात काय, कोथिंबिरीचा वास येतोय, सांबारवडी? दे की एक. आत गेली की शिवरामचा तो दुसरा दोस्त, मुरलीधर, एकटा संपवतो.

मी इथं काय करतोय म्हणतेस? बरं झालं विचारलंस, कोणी विचारतच नाही. आत अख्खी मंडळी सोमवारी सकाळी आजारपणाची सिकी टाकून एसीत बसलीत, आणि मी इथं, बाहेर आग ओकतंय ऊन, रोलर डोअरला हात लावशील तर भाजेल — कारण मी पनवती, मी मॅच बघितली की हरतात म्हणे! हो, हसू नकोस. म्हणजे हस, सगळेच हसतात. झालं काय, शिवराम-सुशीलाचा स्वप्निल अमेरिकेत त्या प्रो फुटबॉल टीममध्ये लागला, तर शिवरामनं पहिल्या मॅचला सगळ्यांना इथं टार्निटला घरी बोलावलं. हरले. दुसऱ्या मॅचलाही हरले. तिसऱ्या मॅचला मी बर्फ आणायला म्हणून गॅरेजात आलो, तेवढ्यात स्वप्निलनं किक मारली आणि जिंकले! आणि त्याच दिवशी मुरलीधर पहिल्यांदा मॅच बघायला आला होता, मी उठलो तसा माझ्या रिक्लायनरवर टेकला. बास. तिथनं पुढं तो रिक्लायनरवर आणि मी एस्कीवर. आधी चेष्टेत — "संजूभाऊ, जरा बर्फ बघता का?" पुढं पुढं तर बर्फाचं नावही कोणी घेईना. मी आलो की सुशीला चहाचा कप सरळ इथं आणून ठेवते.

आणि हा शिवराम! दर जयंतीला विहारात अंधश्रद्धेवर तास तास भाषण ठोकणारा माणूस! मी म्हटलं, शिव्या, अरे बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून पायगुण मोजतोस? तर म्हणतो, "मी मानत नाही रे, पण उगाच रिस्क कशाला?" आता बोल!

तुला हा अमेरिकन फुटबॉल कळतो का? फार काही नाही. बाकीचे हेल्मेट घालून एकमेकांना धडका देतात, आपला स्वप्निल बाजूला उभा. वेळ आली की यायचं, दोन खांबांच्या मधनं बॉल मारायचा, तीन पॉइंट घ्यायचे, परत जाऊन उभं राहायचं. कपडेसुद्धा मळत नाहीत पोराचे. पण आख्खा सीझन त्या एका पायावर चाललाय. आणि तो पाय कुणी घडवला? विचार आत जाऊन. शिवराम वीकेंडला डबल शिफ्ट करायचा, तेव्हा क्लेटनच्या ओव्हलवर, त्या मैदानावर, भर थंडीत त्या पोराला कोण न्यायचं? मी. मी नागपूरला कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये खेळलेला माणूस. पायानं नाही रे बाळा, कमरेनं मार, नजर वर नको उचलू — हे मी! आणि हाच मुरलीधर तेव्हा काय म्हणायचा माहितीये? "कशाला पोराला फूटीच्या, या इथल्या फुटबॉलच्या नादी लावताय, ट्यूशनला घाला." आज तो रिक्लायनरवर. मागच्या महिन्यात स्वप्निलचा इंटरव्ह्यू झाला, विचारलं किक कोणी शिकवली, तर म्हणाला "माय डॅड." डॅड! शिवरामला बॉल गोल की लांबट ते ठाऊक नव्हतं तेव्हा! बरं, डॅड म्हणाला, ठीकाय. गोऱ्यांना काका म्हणजे कोण ते कुठं समजावत बसणार. पण शिवराम आत टीव्हीसमोर सगळ्यांबरोबर बसून ऐकत होता ना? एकदा तरी म्हणायचं होतं — अरे नाही, संज्यानं शिकवलं. नाही म्हणाला. छाती फुगवून व्हिडिओ ग्रुपवर टाकला.

काय? इंटरव्ह्यूच्या वेळी मी कुठं होतो? इथंच. फोनवर बघत— म्हणजे स्कोअर बघतो मी, तेवढाच. बरं, आता तुझ्यापासून काय लपवायचं, हा बघ फोन. सगळ्या मॅचेस बघितल्या मी. इथं बसून. आणि तरी जिंकले! म्हणजे पनवती भिंतीच्या अलीकडनं चालत नाही की काय? सांगितलं का नाही म्हणतेस? अगं, सांगितलं आणि पुढची हरले असते तर? मग गॅरेजसुद्धा गेलं असतं. आणि खरं सांगू, मी वेगळीच वाट बघत होतो. एकदा हरायला हवे होते गं. मी आत नसताना, मुरलीधर रिक्लायनरवर असताना, फक्त एकदा. सुटलो असतो मी. दर किकला वाटायचं, जाऊदे बाहेर. माझ्याच हातचं पोर, आणि मी म्हणतोय जाऊदे बाहेर. आज फायनल आहे, दोन पॉइंटनं मागं आहेत, शेवटची किक त्याच्यावरच येणार, आणि आजपण मला—

ऐकलंस? आत जाहिरात लागली. ब्रेक आहे, ऊठ, जा तू. चप्पल इथंच काढ. दार हळू ढकल — आणि हे बघ, मी फोनवर बघतो ते बोलू नकोस हं आत, आणि ते दुसरं तर मुळीच नको. अगं जा ना, किक लागेल इतक्यात, टाक पाय आत—

झालं. ऐक, काय ओरडतायत. जिंकले. काय म्हणतोय मुरलीधर? "कोण आलं, कोण आलं, हिच्या पायगुणानं!" घे. उंबऱ्यावर एक पाय ठेवलास तर पायगुण तुझा. पुढच्या सीझनला तुझी खुर्ची पक्की. बोलावतायत बघ, फोटो काढतायत. मला? नाही गं, तुला बोलावतायत. जा.

दार लावून घे जाताना. माझा फोन टीव्हीपेक्षा जरा मागं चालतो. माझ्याकडं अजून किक व्हायचीय.