कपाटाचं माप

नारायणगावहून मंचरला निघालेल्या एसटीत गोरखनं मोबाईल काढला आणि लगेच परत खिशात घातला. नेट जाळण्यापेक्षा पुढच्या सीटवरच्या दोघींचं बोलणं परवडणारं होतं.

"तुकाबाई, सोमनाथनं बापाला एवढी मोठी शेड बांधून दिली, आन् तुमचं तोंड असं का?"

"दिली ना, प्रयागआक्का! जुनी खोली पाडून दिली. टेबल आणलं, नवी हत्यारं आणली. आन् मालकांनी तिथं बसून बैलांच्या गळ्यातलं पाच कंडं विणलं, ते राजुरीवाल्यांनी माघारी धाडलं."

"अगं बया! का?"

"म्हनं, जानकूभाऊ, ह्यात तुमची नागमोड न्हाई. असलं सरळ कंडं बाजारात ढिगानं मिळत्यात."

"मग घालायची की नागमोड!"

"ती मुद्दाम घातली कवा व्हती? खोलीत पाय पसराया जागाच नव्हती. लोकर पायाच्या अंगठ्याला बांधायची आन् गुडघा मोडून विणायचं. पीळ आपसूक वळायचा. आता पाय ऐसपैस, पर पीळ काय वळंना. यात्रा आठ दिसांवर आलीया, आन् माणूस जेवत न्हाई."

"मग आता डॉक्टरकडं निघाला व्हय?"

"न्हाई वो, लोखंडी कपाट घ्यायला. ते भिंतीपासून एवढ्यावर आडवं लावायचं." तुकाबाईनं पिशवीतून गाठ मारलेली सुतळी काढली. "मालकांना गुडघा मोडून बसवलं आन् माप घेतलं."

"कमाल झाली बाई! आन् त्या कपाटात ठेवणार काय?"

"सोमनाथनं आणलेली हत्यारं."