कावळ्याची सोय

डिंडोलीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर साठीतले नवरा-बायको बसले होते.

“माझ्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही, तर काय इच्छा राहिली ते आपल्या पोराने, योगराजने, माझ्या फोनमधल्या एआयला विचारायचं. मी सगळं सांगून ठेवलंय.”

“मला नाही सांगितलं ते?”

“तू मध्येच बोलतेस. एआय शेवटपर्यंत ऐकून घेतो.”

“काय सांगितलं?”

“तुझ्या भावाने पिंडाजवळ यायचं नाही.”

“अजून?”

“तुझ्या हातचे खापरावरचे मांडे खायचे राहिलेत.”

“अवो, मग बोलायचं ना! खापर माळ्यावरच पडलंय.”

“तुझे गुडघे दुखतात.”

“उद्या करते. फोनमधून दोन्ही इच्छा काढून टाका.”

“दोन्ही का?”

“खापर खाली उतरवायला भाऊच येणार आहे.”