कपाटाबरोबर विकलेला अल्बम

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, आपल्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई. व्यासपीठावरची विश्वस्त मंडळी. ज्यांच्यासाठी आपण जमलो आणि ज्यांना त्या मधल्या खुर्चीत बसणं अतिशय अवघड जातंय, त्या सुईबाई. रविवारच्या अल्बम-वर्गातल्या भगिनी आणि संख्येनं फार थोडे असलेले बंधू. आणि दाराजवळच्या खुर्च्या धरून निसटायच्या बेतात असलेल्या मित्रांनो,

मला थोडक्यात आटपायला सांगितलंय. माझा इतिहास ग्रंथपालबाईंना ठाऊक असल्यामुळे त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं मी पाहिलं आहे.

नवख्यांसाठी सांगतो. सुईबाईंनी आयुष्यभर जुने सोफे आणि खुर्च्या उसवून त्यांना नवं कापड चढवलं. कॉलरला कायम दोन-तीन सुया टोचलेल्या, म्हणून सुईबाई. गेली काही वर्षं दर रविवारी वरच्या वाचनकक्षात त्यांनी आपल्याला घरचे फोटो नीट चिकटवायला आणि त्याखाली दोन ओळी लिहायला शिकवलं. आता त्या कायमच्या बहिणीकडे राहायला चालल्या आहेत. आधीचे सगळे वक्ते त्यांच्या मायेविषयी बोलले. मी संशयाविषयी बोलणार आहे. कारण आमची ओळखच मुळी संशयातून झाली.

मी वीजमीटर तपासणारा माणूस. आमच्या धंद्यात माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाहीत, आकड्यावर ठेवतात. आणि आकडा जरा जास्तच गोड दिसला, तर आधी सील तपासतात. अशा माणसाच्या दारात एका संध्याकाळी एक अनोळखी बाई कापडी पिशवी घेऊन उभी राहते आणि म्हणते, ''तुम्ही धाकटे ना? पोहायच्या तलावावरचे?'' तेव्हा त्या माणसाला काय वाटेल, सांगा.

मी दार पूर्ण उघडलं नाही. म्हटलं, ''कोण आपण?''

त्यांनी पिशवीतून अल्बम काढला. काळ्या जाड पानांचा, कडा झिजलेला. आमचा. बाबा गेल्यानंतर आई दादाकडे राहायला गेली आणि जुनं घर रिकामं केलं, त्या गडबडीत तो नाहीसा झाला होता. आम्ही तिघा भावंडांनी घर पालथं घातलं होतं. आई एवढंच म्हणाली होती, ''गेला असेल कुठे तरी.'' आणि पुन्हा विषय काढला नव्हता.

सुईबाईंनी जुन्या सामानाच्या दुकानातून एक खणांचं कपाट विकत घेतलं होतं. सर्वांत खालच्या खणात, कागदाच्या अस्तराखाली, हा अल्बम. एका फोटोत बाबा त्यांच्या चष्म्याच्या दुकानासमोर उभे होते, मागे पाटी. बाई ती पाटी शोधत गेल्या. दुकान केव्हाच बंद झालेलं. पण शेजारच्या किल्लीवाल्याचा मीटर मी तपासतो. त्यानं माझा पत्ता दिला.

मी विचारलं, ''किती द्यायचे?''

''पैसे नकोत,'' त्या म्हणाल्या. ''एकदा तुमच्या आईला भेटायचंय.''

झालं. पैसे मागितले असते तर माझा जीव भांड्यात पडला असता. जो माणूस काहीच मागत नाही, त्याला काहीतरी मोठं हवं असतं, असं आमचं शास्त्र सांगतं. म्हटलं, ''आईची तब्येत बरी नसते. काय काम आहे?''

''काम नाही. अल्बमात तुम्ही सगळे आहात, त्या कुठेच दिसल्या नाहीत. म्हटलं, आहेत की नाहीत?''

''नसायला काय झालं? असेल की.'' मी तिथेच उभ्यानं पानं उलटली. बाबा आणि दादा सायकलवर. बाबा आणि ताई बाकावर. दुकानाचं उद्घाटन. मी तलावाच्या काठावर, उडी मारायच्या आधीचा, ओठ निळे पडलेले. आई नव्हती. एका फोटोत खालच्या कडेला गवतावर कुणाची तरी सावली पडली होती, कोपर बाहेर काढलेली. सुईबाईंनी त्या सावलीवर बोट ठेवलं. त्यांनी अल्बम माझ्या हातात दिला आणि ''येईन पुन्हा'' म्हणून जिना उतरल्या.

आता, इथे बाबांविषयी दोन शब्द सांगायला हवेत. आमचे बाबा फोटो काढण्याबद्दल सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध होते. अल्बमच्या पहिल्याच पानावर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'सर्व छायाचित्रे', आणि खाली त्यांची सही. पाहुणा आला की अल्बम बाहेर निघायचा. पाहुणा म्हणायचा, ''वा, काय हात आहे तुमचा.'' बाबा हसून म्हणायचे, ''जमतं थोडंफार.'' त्यांच्या शोकसभेत मी तलावाच्या फोटोचीच गोष्ट सांगितली होती. मी घाबरलो होतो, समोर कॅमेरा धरून बाबा उभे होते, त्यांच्याकडे पाहिलं आणि उडी मारली. लोकांचे डोळे पाणावले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या जुन्या सामानवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, ''कपाट उचलताना तुमच्याच घरचं बाईमाणूस म्हणालं, खालचा खण उघडू नका, तसाच न्या.''

''कोण बाई?''

''साहेब, कपाट जिन्यावरून उतरवताना माणूस कपाटाकडे बघतो, बाईकडे नाही.''

म्हणजे अल्बम हरवला नव्हता. कुणीतरी मुद्दाम घालवला होता, आणि ते कुणीतरी घरातलंच होतं. मी मनात यादी केली. त्या दिवशी घरात वहिनी होत्या आणि ताई होती. आई होती, पण आईला कोण यादीत धरतं?

रविवारी सगळे दादाकडे जमलो. आई आत पडली होती. मी अल्बम टेबलावर ठेवला आणि सामानवाल्याचं बोलणं सांगितलं. दादाला पहिला संशय सुईबाईंचा. ''हल्ली असेच येतात लोक. आधी ओळख काढतात, मग घरात शिरतात.'' ताईचा रोख मात्र दुसरीकडे. ती वहिनींना म्हणाली, ''आवराआवर तर तुम्हीच करत होता.''

''मी स्वयंपाकघर आवरत होते. आणि तुमच्या बाबांचा अल्बम टाकून मला काय मिळणार? माझा एकसुद्धा फोटो नाही त्यात.''

ताई म्हणाली, ''म्हणूनच.''

वहिनींनी ताईच्या पुढ्यातला चहाचा कप उचलला, अर्धा भरलेला, आणि आत नेला. दादा ताईला म्हणाला, ''तू आता नीघ.'' ताई निघाली. दारात माझ्याकडे वळून म्हणाली, ''आणि तू काय बघतोस माझ्याकडे? मलाही मीटर समजतोस?'' मी खरोखर बघत होतो. कारण ताईनं इतक्या चटकन दुसऱ्यावर बोट दाखवावं, हेच मला खटकलं होतं.

त्यानंतर ताई आणि वहिनी बोलेनाशा झाल्या. दादा माझा फोन उचलेना. ज्या अल्बममध्ये आम्ही सगळे एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभे होतो, तो परत आला आणि घराची चार तोंडं चार दिशांना झाली.

आणि अशात सुईबाईंनी दादाच्या घराची बेल वाजवली. पत्ता अर्थात किल्लीवाल्याचाच. त्या माणसाकडून काहीही उघडतं. दार आईनं उघडलं. दादानं मला ताबडतोब फोन केला, तेवढ्यापुरता आमचा अबोला मोडला: ''ती बाई आली आहे. ये.''

मी पोचलो तेव्हा दोघी बाल्कनीत बसल्या होत्या. अल्बम आईच्या मांडीवर होता. दादा पाहुण्यावर पहारा ठेवावा तसा दारात उभा होता. आई वर न बघता म्हणाली, ''वहिनीला बोलव. आणि ताईलाही फोन लाव. त्या दोघींना उगाच छळलंत तुम्ही. कपाटाबरोबर अल्बम मीच दिला.''

दादा म्हणाला, ''आई, तू काय बोलतेस?''

''जाळायला धीर झाला नाही. म्हटलं, जाऊ दे डोळ्यांसमोरून.''

''पण का? बाबांनी इतक्या हौसेनं काढलेले फोटो...''

आईनं तेव्हा कुठे मान वर केली. ''बाबांनी? अरे, प्रत्येक फोटोत ते स्वतः उभे आहेत. आणि नाहीत तिथे तुम्ही एकटे. काढले कुणी? कॅमेरा माझ्या मामानं मला दिलेला. फिल्म मी भरायची, धुवायला मी टाकायची. त्यांनी चिकटवले आणि पहिल्या पानावर सही केली. मी म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणाले, तुझं आणि माझं वेगळं आहे का? पुढे जन्मभर पाहुण्यांसमोर चहा ठेवताना मी ऐकलं, काय हात आहे तुमचा.''

दादा म्हणाला, ''त्या कॅमेऱ्याला टायमर असेल.'' आई म्हणाली, ''नव्हता.''

मी काय केलं असेल? धंद्यानं जे शिकवलं तेच. अल्बम घेतला आणि पहिल्या पानापासून तपासला. आईवर विश्वास नव्हता असं नाही. पण तोवर मी इतकी वर्षं दुसऱ्या माणसावर विश्वास ठेवला होता. सगळी पानं बघून झाली आणि पुन्हा तलावाच्या फोटोपाशी आलो. त्यात बाबा नव्हते. मी विचारलं, ''आई, या दिवशी बाबा कुठे होते?''

''दुकानात. मंगळवार होता. तू उडी मारत नव्हतास. मी म्हटलं, माझ्याकडे बघ आणि मार.''

मंडळी, शोकसभेत सांगितलेली गोष्ट परत घेता येत नाही. ज्यांनी ती ऐकली होती ते आज इथेही बसले आहेत, म्हणून मी ती इथेच दुरुस्त करतो. समोर उभी होती ती आई.

सुईबाईंनी कॉलरची एक सुई काढली, पहिल्या पानाच्या शिवणीवर नुसती टेकवली आणि आईला विचारलं, ''उसवू?'' मला वाटलं, हो म्हणेल. ती म्हणाली, ''नको. असू दे त्यांची सही. खोटी असली, तरी तीही घरचीच आहे. पण फोटोंखाली मला लिहायचंय.''

पुढचा रविवार हा आपल्या वर्गाचा पहिला दिवस. आई वाचनकक्षात आली, सुईबाईंनी तिला पांढऱ्या शाईचं पेन दिलं आणि तिनं लिहायला सुरुवात केली. फोटोत काय आहे ते नाही. काढताना ती कुठे उभी होती ते. 'मी शिडीवर. खालून ताई शिडी हलवत होती.' 'मी पावसात, हे सगळे आडोशाला.' 'हलू नका म्हटलं, तिघंही हलली.' ताईनं ते वाचलं आणि त्याच संध्याकाळी वहिनींकडे गेली. काय बोलल्या ते दोघींनी आजवर सांगितलेलं नाही. मी विचारून पाहिलं. मला उंबऱ्यातूनच परत पाठवलं.

दादाचं मात्र अजून पूर्ण समाधान झालेलं नाही. कॅमेऱ्याला टायमर होता, असं तो आजही खासगीत म्हणतो. मी त्याला दोष देत नाही. बापाच्या सहीवर संशय घेणं हे मीटर तपासण्यापेक्षा अवघड काम आहे.

सुईबाई, तुम्हाला आमच्याकडून काय हवं होतं, याचा मी पुष्कळ दिवस तपास केला. काहीच सापडलं नाही. नापास झालेला हा माझा एकमेव तपास आहे, आणि त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे.

ग्रंथपालबाई घड्याळाकडे नव्हे, आता माझ्याकडे बघू लागल्या आहेत. अध्यक्षांचे, विश्वस्तांचे आणि इतकं घरगुती बोलणं निमूट ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, कमी-जास्त बोललो असेन, तर आपलं माणूस म्हणून पदरात घ्यावं. चहापूर्वी सर्वांनी इथेच थांबावं, बाईंबरोबर एक फोटो काढायचा आहे. मधल्या खुर्चीत बाई आणि शेजारी माझी आई बसेल. फोटो दादा काढणार आहे. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, सकाळी त्यानं स्वतःहून फोन करून विचारलं. का, ते मी विचारलेलं नाही.