वाजव खुशाल, पण उघडू नकोस

…नाही, पण सगळ्यांनी मिळून मलाच धरायचं म्हणजे काय? धरा, माझी ना नाही, उघडला कोणी, मीच उघडला, पण तुम्हाला सांगतो, चौपन्न वर्षांच्या माणसाला त्याची बायको, त्याची मुलगी, त्याची वहिनी आणि ऐंशी वर्षांची आई एकाच खोलीत, हातात केकच्या बशा धरून सुनावतायत, आणि त्या माणसाला त्यातला एक शब्द खोडून काढता येत नाही, का, तर खरं सांगितलं तर त्याहून वाईट होतं… असं अर्धवट नाही कळायचं तुम्हाला. पहिल्यापासून सांगतो.

मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर वेगळे, ते पुढे खुर्चीपाशी माप घेतात, ते माप माझ्याकडे येतं, मग मी मागच्या खोलीत बसून मेणात एकेक दात लावायचा, घासायचा, चकाकी आणायची. तीस वर्षं झाली. शेकडो लोक माझ्या जिवावर हसतात आणि रस्त्यात मला एक जण ओळखत नाही. म्हणूनच बहुतेक मला बास आवडत असावा. बास म्हणजे ती चार जाड तारांची गिटार हो, बँडमध्ये मागे उभा राहून एक जण वाजवतो, कोणी त्याच्याकडे बघत नाही, पण तो थांबला की गाणं पोकळ होतं. ती.

आणि आमच्या घरात बास म्हणजे दादा. माझा मोठा भाऊ, सहा वर्षांनी मोठा, कॉलेजात असताना बँडमध्ये होता. स्टेजवर एक पाय पुढे, डोळे मिटलेले, मान डोलतेय, तो फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे. आई पहिल्या रांगेत बसायची आणि घरी येऊन शेजारीपाजारी सांगत सुटायची, "एवढा गोंगाट, पण मला माझ्या लेकाचंच तेवढं ऐकू येत होतं." हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मी तेव्हा चौदा वर्षांचा, आरशासमोर केरसुणी धरून उभा राहायचो. तर चाळीस वर्षं मनात होतं, गेल्या वर्षी म्हटलं आता नाही तर कधी, आणि गेलो दुकानात.

दुकानदार म्हणजे कानात बाळी घातलेला एक तरुण. "काका, चार तारांचा की पाच?" म्हटलं, फरक काय? म्हणाला, "एक." बरं. "हा बघा, ह्याचा आवाज एकदम लाकडी." अरे लाकडाचाच आहे ना, मग काय पितळी येणार? "आणि ह्यात बॅटरी आहे." आणि त्यात? "त्यात नाही." मग चांगला कुठला? "ते तुमच्या हातावर आहे, काका." माझ्या हातावर आहे तर तू कशाला बसलायस इथे? एक गळ्यात घातला तर इतका जड की माझा डावा खांदा खाली गेला तो आठ दिवस वर आला नाही, एक हलका होता तर त्याची मानच जमिनीकडे झुकायची. दोन तासांनी मी काय घेऊन बाहेर पडलो माहितेय? पट्टा. गळ्यात अडकवायचा नुसता पट्टा. रिकाम्या हाताने यायची लाज वाटली.

रविवारी दादा आला होता, आई माझ्याकडेच असते, तिच्यासमोर हे सगळं सांगत होतो तर आई म्हणाली, "दुकानात कशाला जायचं? दादाचा आहे की कपाटावर, दे रे तुझा ह्याला." आणि दादाला चहाचा ठसका लागला. मला वाटलं, किती जीव आहे बघा त्याचा त्या वाद्यावर. आईसमोर नाही म्हणायची पद्धत आमच्यात नाही, त्यामुळे आठ दिवस काढून शेवटी तो पेटी घेऊन आला, दोन्ही हात झाकणावर ठेवून बसला आणि म्हणाला, "वाजव खुशाल, पण उघडू नकोस. मागे झाकण आहे ना, ते. आणि मशीनबिशीनला जोडायच्या भानगडीत पडू नकोस, असाच वाजव, शिकताना असाच बरा." म्हटलं, दादा, तू सांगशील तसं.

शिकायला लागलो. व्हिडिओवरचा मास्तर, कायम हसरा. "अंगठा इथे टेकवा, खांदे सैल सोडा, आणि आनंद घ्या." कसला आनंद? बोटांना फोड आले, कवळी हातात धरवेना, डॉक्टरांचा फोन, "अहो, दाढा तिरक्या आल्यात." तीन आठवडे मी तेच दोन सूर वाजवत होतो. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "एवढंच असतं का ह्यात?" म्हटलं, पाया आहे हा. "मग भिंती कधी येणार?"

आणि चौथ्या आठवड्यात पट्टा निसटला. तो दुकानातून आणलेला, लाजेखातर घेतलेला पट्टा. बास फरशीवर आपटला, आणि तो आवाज मला कानात नाही, पोटात ऐकू आला. उचलला, पाहिलं, कडेला एक ओरखडा, तो मी कवळीच्या पॉलिशने घासून घालवला, म्हटलं सुटलो. कसला सुटतोय? त्याच आठवड्यात मी गुपचूप तो आवाज मोठा करणारा खोका, अँप म्हणतात त्याला, तो आणला होता. दादा नको म्हणाला होता, तरी आणला. जोडला, बटण फिरवलं, तार छेडली… शांत. आणखी फिरवलं. शांत. म्हणजे मी मारला तो. दादाचा बास, भिंतीवरच्या फोटोतला बास, माझ्या हातून मेला.

त्याच वेळी एक फोन करायला हवा होता, नाही का? केला की! उचलल्या उचलल्या दादा म्हणाला, "काय रे, उघडला नाहीस ना?" आणि माझ्या तोंडून गेलं, "छे." तेव्हा ते खरंही होतं, पण पडल्याचं सांगायचं राहिलं. संपलं. एकदा 'छे' म्हटलं की पुढचे आठ महिने 'छे'च म्हणावं लागतं. दर रविवारी यायचा, चपला काढता काढता विचारायचा, "वाजव खुशाल, पण उघडला नाहीस ना?" छे.

उघडला. मागे सहा स्क्रू. माझ्याकडे हत्यारांना काय तोटा? झाकण काढलं तर आत एक वायर सुटून लोंबतेय आणि तिच्या टोकाला काळी चिकटपट्टी, व्यवस्थित गुंडाळलेली. आता मी तीस वर्षं बारीक काम करणारा माणूस, पडून तुटलेली वायर स्वतःला चिकटपट्टी गुंडाळून घेत नाही, हे मला तेव्हाच कळायला नको होतं? पण मनात अपराध असला ना, की माणसाला समोरचं दिसत नाही, आपण काय केलं तेवढंच दिसतं. मी पट्टी सोलली, कथलाचा डाग दिला, वायर जिथे बसायला हवी तिथे बसवली, तार छेडली, आणि तुम्हाला सांगतो, कपाटातल्या काचेच्या बरण्या बोलायला लागल्या. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले, "तुम्ही पंप बसवलाय का हो?"

तिथेच थांबलो असतो तर ठीक होतं. पण हात शिवशिवतात हो. तारा ज्या खाचांतून जातात ती मानेवरची पांढरी पट्टी झिजली होती, म्हटलं एवढी एक बदलू. कशाची केली? कवळीचे दात ज्याचे करतात त्या मसाल्याची! शेड जुळवून, किंचित पिवळसर, साठीच्या माणसाला शोभेल अशी. दादाच्या बासला मी कवळी बसवली. मग मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या घासल्या, त्यांना चकाकी आणली. तारा नव्या घातल्या. एक बटण हरवलं, तर हिरडीच्या गुलाबी मसाल्याचं नवं ओतलं. रोज काही तरी करायचं, संध्याकाळी फोटोतल्या दादाकडे बघून मान खाली घालायची, आणि सकाळी परत स्क्रू ड्रायव्हर.

पण वाजायला लागला हं. आठ महिन्यांत मी चार गाणी नीट वाजवायला लागलो. आई मात्र दारातून डोकावून विचारायची, "खिळे कोण ठोकतंय?"

मग आईला ऐंशी पूर्ण झाली. सगळे जमले, केक कापला, आणि आई म्हणाली, मला काही नको, दादाने एकदा वाजवून दाखवावं. दादा आधी नाही नाही म्हणाला, मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "उघडला नाहीस ना?" छे. माझी मुलगी अँप ओढत घेऊन आली. "काका, जोडू?" मला वाटलं आता हा नको म्हणेल, तर दादा, अगदी मोकळं हसून, "जोड की! बिनधास्त जोड."

मी तिथेच ओरडायला हवं होतं. नाही ओरडलो. उलट काय विचार केला माहितेय? म्हटलं, किती छान वाजेल, मग मी सांगेन की दादा, हे मी दुरुस्त केलं, आणि तो माफ करेल. लबाडाला शाबासकी हवी होती!

मुलीने फोनवर जुनं गाणं लावलं. दादा उभा राहिला, एक पाय पुढे, डोळे मिटलेले, मान डोलतेय, थेट भिंतीवरचा फोटो. आईने खुर्चीच्या हातांवर हात ठेवले. आणि दादाने पहिली तार छेडली…

धडाम! बशीतले चमचे उडाले. आई म्हणाली, "कपाट पडलं का रे?" दादाने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. राग नव्हता हो त्यात, राग परवडला असता. भर रस्त्यात पायजमा सुटलेला माणूस जसा ओळखीचं कोणी दिसतंय का बघतो, तसं बघितलं त्याने. आणि थांबताही येईना, गाणं चालू, सगळे बघतायत, त्याची बोटं इकडे पळतायत, तिकडे पळतायत, एक सूर गाण्याला लागत नाहीये. आठ महिने शिकल्याचा मला एवढाच उपयोग झाला, की मला कळलं. इतर कोणाला नाही, मला. दादाचं चुकत नव्हतं. दादाला वाजवताच येत नव्हतं. कधीच येत नव्हतं.

आईचा चेहरा उतरायला लागला होता. म्हणाली, "तेव्हा तर किती छान वाजवायचास…"

मी उठलो, वायर खेचली आणि म्हटलं, "दादाचं काही चुकत नाहीये. मी उघडला होता. मी बिघडवला." बस्स, मग काय विचारता. बायको म्हणाली, "मी रोज बघत होते, हा माणूस थांबेल तर शपथ." मुलगी म्हणाली, "बाबा, काकांना विचारलं तरी का?" वहिनीने ते गुलाबी बटण सगळ्यांना फिरवून दाखवलं. आणि आई, एवढंच म्हणाली, "दादाची वस्तू होती रे." ते जे लागलं ना… आणि मी कवळी काढून ठेवल्यासारखा तोंड मिटून उभा.

नंतर गॅलरीत दादा आला. कठड्याला टेकला. मग म्हणाला, "बाबांचा टेम्पो आठवतो? त्या पोरांना सामान न्यायला टेम्पो हवा होता, आणि तो मी चालवायचो. नुसतं ड्रायव्हर म्हणून खाली बसवायचं त्यांना बरं वाटेना, म्हणून बास दिला हातात. पहिल्याच दिवशी कीबोर्डवाल्याने ऐकलं आणि ती वायर काढून टाकली. बासचे सूर तो स्वतःच कीबोर्डवर डाव्या हाताने वाजवायचा. म्हणाला, तू उभा छान राहतोस."

म्हटलं, आईला का नाही सांगितलंस?

"सांगणार होतो. त्याच दिवशी सांगणार होतो. तर घरी आल्या आल्या ती म्हणाली, मला तुझंच तेवढं ऐकू येत होतं." मग खाली बघत म्हणाला, "चाळीस वर्षं मला तिच्या डोळ्याला डोळा देता येत नाही, आणि आज तू तिच्यासमोर माझ्या वाटचं ऐकून घेतलंस."

म्हणजे बघा, मला वाटत होतं घरात अपराधी एकटा मीच! मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी म्हटलं, तारा तरी नव्या घातल्यात, चांगल्या आहेत. तो हसला. म्हणाला, "ती वायर परत निघेल?"

काढली. टोकाला काळी पट्टी गुंडाळली, त्या कीबोर्डवाल्याइतकी नीट नाही जमली. पुढच्या रविवारी दादा आला, आईसमोर उभा राहिला, गाणं लावलं, अँप जोडला, नुसता दाखवायला, आणि एक पाय पुढे, डोळे मिटलेले, मान डोलतेय. आईने खुर्चीवर हात ठेवले, पूर्ण गाणं ऐकलं, आणि डोळे पुसून म्हणाली, "हां, आता कसं! तेव्हासारखं. मला तुझंच तेवढं ऐकू येत होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ. उघडायची एवढी हौस आहे, तर वाजवायला शीक जरा दादाकडून."

शिकतो, म्हटलं. काय म्हणणार? तेव्हापासून दर मंगळवारी बास घेऊन दादाकडे जातो, आई दारापर्यंत येऊन सांगते, "तो सांगेल तसं कर, उलट बोलू नकोस." मी मान डोलावतो, तिकडे जातो, दार लावून घेतो, आणि दादाला म्हणतो, अंगठा इथे टेकव, खांदे सैल सोड.